कोठ्यातला नळ आणि अडून बसलेले बैल

गुरुवार, दिनांक दहा एप्रिल दोन हजार पंचवीस, चैत्र शुद्ध त्रयोदशी, सकाळचे साडेसात. जिल्हा पांढुर्णा, तालुका सौंसर, मोहगावच्या पलीकडे दोन कोसांवर वसलेले बोरढाना हे गाव. त्या गावाच्या पश्चिम टोकाला तुळशीराम कळंबे यांचा गुरांचा कोठा. या दिवशी, या ठिकाणी, या घटकेला त्या कोठ्यात प्रथमच नळाचे पाणी वाहिले, आणि बैलांनी ते पिण्यास नकार दिला.

नकार हा शब्द जपून वापरला आहे. बैल तहानलेले नव्हते असे नाही, आणि पाणी त्यांना दिसले नाही असेही नाही. सुभेदार आणि मुनीम या दोघांनी नव्या सिमेंटच्या टाक्यावर मान झुकवली, पाणी हुंगले, मान पुन्हा वर केली, आणि अर्जावर शिक्का नसला म्हणजे कचेरीतला बाबू अर्जदाराकडे जसे पाहतो, तसे तुळशीरामकडे पाहिले. सुभेदार हा उंच, पांढरा, वशिंड मिरवणारा, आणि आपल्यामुळेच हे घर चालते अशी खात्री असलेला बैल. मुनीम बुटका, तांबूस, कुटाराची, म्हणजे सुक्या चाऱ्याची, काडीही दोनदा तपासून खाणारा. दोघांचे आजवर कशावरही एकमत झाले नव्हते. या बाबतीत झाले.

"नवं हाय म्हणून लाजून राहिले," तुळशीराम म्हणाला.

"बैल लाजते का गा कधी?" दारात उभा असलेला शेजारी श्रावण म्हणाला.

तुळशीरामने त्याच्याकडे पाहिले नाही. श्रावणशी त्याचे जुने वाकडे होते. आपल्या घरामागून हा माणूस सकाळ-दुपार-संध्याकाळ शिटी वाजवत जातो, असा तुळशीरामचा अकरा वर्षांचा आरोप होता; मी कधी वाजवली नाही, असा श्रावणचा तितक्याच वर्षांचा जबाब होता. प्रकरण दोनदा पंचांपुढे गेले होते, आणि पंचांनी दोन्ही वेळा चहा पिऊन ते पुढे ढकलले होते.

नळाचा हा उद्योग तुळशीरामने हौसेखातर मांडला नव्हता. त्याची बायको मनकर्णा दिवसातून तीन वेळा विहिरीवरून बादल्या वाहून बैलांना पाणी पाजत असे. विहीर दोनशे पावलांवर, बादल्या चौदा, आणि उजवा खांदा आता बादलीबरोबर कुरकुरू लागलेला. खांद्याचेही एक वेळ सोसले असते. खरी अडचण अशी होती, की बैल तिच्याच हातचे पाणी पीत. अकरा वर्षांत तिने सलग दोन रात्री बाहेर काढल्या नव्हत्या. एकदा भावाच्या घरी लग्नाला गेली, तर दुसऱ्याच दिवशी बैलांच्या जिभा बाहेर आल्या आणि तिला मांडवातून उठवून आणावे लागले. गाव म्हणे, काय माया आहे बाईची. मनकर्णा बादली घेऊन कोठ्यात जाई आणि आतून दार लावून घेई.

आता पांढुर्ण्याला दिलेल्या लेकीला, शिवानीला, मुलगी झाली होती. बारसे रविवारी होते. शनिवारी हनुमान जयंतीचे जामसावळीला दर्शन, तिथून पांढुर्णा, बारसे, आणि मग नातीजवळ आठ दिवस, असा मनकर्णेने बेत केला होता. बेत कसला, तिने तो एकदाच आणि हळू आवाजात सांगितला होता. त्यावर तुळशीरामने शब्द दिला: "तू जा. तू जाण्याच्या आधी कोठ्यात नळ येते. चोवीस तास तोंडापुढं पाणी असलं तं बैल काय तुह्या बादलीची वाट पाहत बसन?" तुळशीराम दिलेला शब्द पाळणारा माणूस होता, आणि शब्दावर कोणी शंका घेतली तर ती खोडून काढण्यासाठी पेरणी सोडून बसणाराही होता.

नळ बसवायला सौंसरहून वीरेंद्र आला. वीरेंद्रचे बोलणे अर्धे हिंदी, अर्धे मराठी, आणि काम मात्र पक्के. बुधवारी त्याने छपरामागे काळी टाकी चढवली, बोअरची लाइन जोडली, आणि कोठ्याच्या मागल्या भिंतीवर खडूने एक गोल काढला. त्या गोलाखाली तुळशीरामचे वडील, ब्याऐंशी वर्षांचे बापूजी, पाठ टेकून बसले ते उठेनात.

"याच भिंतीतून काहून?" बापूजींनी विचारले. तोंडात एकही दात नसल्यामुळे त्यांचे शब्द पाण्यातून काढल्यासारखे निथळत येत.

"काकाजी, टाकीकडून सीधा रस्ता हाच हाय. दुसरीकडून नेला तं सहा एल्बो लागन."

"लागू दे. ही भिंत माह्या बापानं बांधली. दीड हात रुंद हाय. हिच्यात उंदीर घुसला नाई आजवर, अन् तू पाइप घुसवतं?"

"बाबा," तुळशीराम म्हणाला, "भोक नाई पाडलं तं नळ आत कसा येईन?"

"जसा बैल आत येते तसा. दारातून."

या उत्तरावर वाद घालण्यासारखे पुष्कळ होते, आणि तुळशीरामने तो दुपारपर्यंत घातलाही. परंतु बापूजी ज्या भिंतीला टेकले होते ती त्यांच्या बापाची होती, आणि तुळशीराम ज्याच्याशी भांडत होता तो त्याचा बाप होता. शेवटी पाइप दारातूनच आला. चौकटीला चिकटून खाली उतरला, उंबऱ्यावरून वळला, आणि सहा एल्बोंनी सहा कोपरे दाखवत टाक्यापाशी पोचला. काम चांगले झाले. फक्त कोठ्याचे दार आता पुरते लागेना; एक वीत उघडे राहू लागले.

"दार लागत नाई," मनकर्णा म्हणाली.

"कोठ्याचं दार लावून कराचं काय वं? चोर येऊन शेण नेणार हाय?"

तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते तुळशीरामला खांद्याचे दुखणे वाटले.

अशा रीतीने गुरुवारी सकाळी नारळ फुटला, तोटी फिरली, पाणी वाहिले, आणि बैल अडून बसले.

दहा वाजेपर्यंत ही वार्ता गावात पोचली. बोरढान्यात एप्रिल महिन्यात माणसाला फारसे काम नसते. संत्र्याचा बहार उतरलेला, कापूस निघून गेलेला, आणि ऊन असे की कुत्रेही सावली बदलण्यापुरते उठते. माणसे कोठ्यापुढे जमली आणि निदाने करू लागली.

"टाकी काळी हाय," श्रावण म्हणाला. "पाणी तापलं असन. तुमी चहा ठेवला हाय बैलायसाठी."

तुळशीरामने पाण्यात हात घातला. पाणी खरेच कोमट होते. मोहगावहून बर्फाची लादी आणली गेली. बैलांनी ती चाटली, कान हलवले, आणि पुन्हा मान वर केली.

"सिमेंटचा वास येत असन," आणखी कोणी म्हणाले. टाके शेणाने सारवले गेले. मग पाण्यात गूळ पडला. मग मीठ. मग गूळ आणि मीठ दोन्ही पडल्यामुळे पाणी सोडून द्यावे लागले, आणि टाके पुन्हा भरण्यात आले.

वीरेंद्रला हे सगळे आपल्या कसबावर घेतलेले आक्षेप वाटत होते. "काकाजी, मेरे काम में लीकेज नाई हाय," तो पुनःपुन्हा सांगत होता. "सौंसरच्या तीन हॉटेलात मी नळ बसवले. तिथं सगळे पाणी पेऊन राहिले."

"तिथं बैल जाते का?" बापूजींनी विचारले.

संध्याकाळी तुळशीरामने शेवटचा उपाय केला. बैलाला रीत ठाऊक नसेल तर ती दाखवली पाहिजे, या विचाराने त्याने टोपी काढून खुंटीला लावली, हात आणि गुडघे टेकले, टाक्यात तोंड घातले आणि आवाज करत पाणी प्याला. सुभेदारने त्याच्याकडे पाहिले. मुनीमने दोनदा पाहिले.

"भौ, तुमाले तं मस्त जमलं," श्रावण म्हणाला. "आता नांगराले जुपून पाहू का?"

तुळशीराम उठला, मिशीवरचे पाणी पुसले, आणि जाहीर केले की आता हा प्रश्न तहानेचा राहिला नसून हट्टाचा झाला आहे. त्याने कोठ्यात खाट टाकली. "मी इथून हालत नाई. पाहू कोण हारते. बादलीनं कोणी पाजाचं नाई. बादली पाहिली का हे आणखी माजन."

"मुकी जनावरं हायेत," मनकर्णा दारातून म्हणाली. "मले एक घडी आत येऊ द्या. तुमी अन् हे सगळे जरा बाहेर निंगा. मी पाजीन नळाचंच."

"बाहेर काहून निंगाचं? सगळ्यायच्या समोर पाज."

"सगळ्यायच्या समोर नाई."

"मंग नळ कायले लावला? दोन दिवसानं तू जाशीन, तवा काय मी दर पारी गावाले बाहेर हाकलू?"

ती गेली. त्या रात्री तिने पिशवीतली नवी साडी काढून पुन्हा पेटीत ठेवली, हे तुळशीरामने खाटेवरून पाहिले नाही, कारण तो बैलांकडे पाहत होता.

शुक्रवारी ऊन लवकर चढले. छपराचे कवेलू तापून कोठ्यात भाकरीच्या तव्यासारखी धग आली. ओले गवत खाऊन बैलांनी वेळ काढला होता, पण दुपारपर्यंत सुभेदारची मान उतरली आणि मुनीमने कुटार तपासायचेही सोडून दिले. नळ टाक्यात थेंब-थेंब गळत होता. वीरेंद्रने मुद्दाम तसा ठेवला होता, आवाजाने तरी त्यांना आठवण होईल म्हणून. आठवण सगळ्यांना होत होती. बैल मात्र पाण्यासमोर उभे राहून कशाची तरी वाट पाहत होते.

तेव्हा बापूजी उठले. भिंतीचा आधार घेत टाक्यापाशी गेले, ओठ आवळले, आणि त्यांच्या तोंडातून असा आवाज निघाला, जणू सायकलच्या ट्यूबला काटा लागावा.

सुभेदारचे दोन्ही कान वळले.

बापूजींनी पुन्हा ओठ आवळले. पुन्हा फुस्स झाले. मुनीमने एक पाय पुढे टाकला, आणि विचार करून मागे घेतला.

"बाबा, काय करून राहिले?" तुळशीरामने विचारले.

"फुकून राहिलो."

"पाणी ऊन नाई आता. बर्फ टाकला हाय."

"मले मालूम हाय रे ते." बापूजी टाक्याच्या काठावर बसले आणि दाराकडे वळून म्हणाले, "सूनबाई, आता माह्यानं होत नाई. जामसावळीच्या मारुतीची शपथ मी मोडून राहिलो, तिचं पाप माह्या डोक्यावर. ये तू. वाजव."

मनकर्णा दारात उभी होती. बाहेर श्रावण, वीरेंद्र आणि दहाबारा माणसे होती. दार वीतभर उघडेच राहत होते. आता ते सताड उघडे होते. तिने एकदा बैलांकडे पाहिले, पदर नीट केला, टाक्यापाशी आली, आणि ओठांचा चंबू करून तिने शीळ घातली. दोन लांब सूर सरळ, आणि तिसरा वर चढून हलकेच वळलेला.

दोन्ही बैलांच्या माना एकदम खाली गेल्या. कोठ्यात पाणी ओढल्याचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ दुसरा कोणताही आवाज झाला नाही. ती शीळ घालत राहिली, ते पीत राहिले. टाके अर्धे उतरले तेव्हा वीरेंद्रने बसवलेला तरंगता गोळा खाली आला, नळ आपोआप सुरू झाला, आणि त्या नळाकडे, ज्याच्यासाठी एवढे सगळे झाले होते, कोणी पाहिलेही नाही.

प्रथम श्रावण बोलला. "म्हणजे तो मी नव्हतो," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "अकरा वर्षं. दोन पंचायती."

बैलाला शिळेवर पाणी पाजण्याची रीत काही बोरढान्याने काढलेली नाही. जुनी माणसे नदीवर बैल नेत, ती शीळ घालूनच पाजत. बापूजींनी आयुष्यभर तेच केले. सुभेदार आणि मुनीम गोऱ्हे म्हणून या कोठ्यात आले ते त्याच शिळेवर पाणी प्यायला शिकले. पुढे त्याच वर्षी बापूजींचे समोरचे दात गेले, आणि दातांबरोबर शीळ गेली. बैल अडले. तुळशीराम त्या वेळी बागेत संत्र्याच्या आळ्यांना पाणी देत होता. घरात सून होती. सासऱ्याने सुनेला दार लावून शीळ शिकवली, आणि बाईमाणसाने शिटी वाजवली असे गावात व्हायला नको, म्हणून दोघांनी शपथ घेतली. तेव्हापासून कोठ्याचे दार लावूनच पाणी पाजले जाई. विचारणाऱ्याला बैलांना नजर लागते असे सांगितले जाई.

हे सगळे मनकर्णेने चार वाक्यांत सांगितले.

"मले काहून नाई सांगतलं?" तुळशीरामने विचारले.

"तुमी इचारलं कवा? तुमी इचारत होते, बैल पाणी पेले का. मी म्हणत होती, पेले."

या उत्तरात वाद घालायला जागा नव्हती. तुळशीराम सवयीने ती शोधत काही वेळ उभा राहिला.

परंतु जो प्रश्न सुटला असे वाटत होते, तो खरे म्हणजे आता कोठे सुरू झाला होता. शनिवारी सकाळी मनकर्णा गेल्यावर शीळ कोण घालणार? श्रावण पुढे झाला. अकरा वर्षे ज्याचा आरोप सोसला ते एकदा करून तरी पाहू, असे त्याचे म्हणणे होते. त्याने वरातीच्या बँडची चाल वाजवली, आणि वाईट वाजवली नाही. मग मनकर्णेचे तीन सूरही वाजवले, पण तिसऱ्याचे वळण काही जमेना. सुभेदारने त्याच्याकडे पाठ केली.

"वहिनीची मोबाइलात भरून घेऊ," वीरेंद्र म्हणाला.

"भरून घ्याची नाई," मनकर्णा म्हणाली. "मोबाइलात भरलं का सांजच्या आधी गावाच्या ग्रुपवर जाते. मंग माही शिटी मोहगावच्या बाजारात पानठेल्यावर वाजन."

कोणीही हे नाकारले नाही, कारण तिघांचे हात आधीच खिशात गेले होते.

"मीच शिकतो," तुळशीराम म्हणाला.

शिकवणी सूर्य कलल्यावर, विहिरीच्या पायरीवर झाली.

"ओठ असे करा. चिंच खाल्ल्यावानी."

"असे?"

"हे दात दुखून राहिल्यावानी झाले. सैल सोडा. आता जीभ खाली."

"जीभ खाली घेतली तं हवा जाईन कुठून?"

"हवेले तुमी रस्ता नका दाखवू. तिले मालूम हाय."

"पण असं पाय, जीभ खाली, ओठ पुढं, म्हणजे तोंडात पोकळी झाली. पोकळीत हवा फिरन. फिरली तं सूर निंगन कसा?"

"तुमी बोलणं बंद केलं तं निंगन."

तुळशीरामने बोलणे बंद केले, ही त्या दिवसातील सर्वांत मोठी घटना म्हटली पाहिजे. दीड तास त्याच्या तोंडातून वारा, थुंकी आणि एकदा ढेकर निघाला. अंधार पडण्याच्या सुमारास मात्र एक बारीक, कापरा, पोरक्या पिल्लासारखा सूर निघाला. दोघेही दचकले. तो तसाच ओठांत धरून तुळशीराम कोठ्याकडे धावला. मुनीमने टाक्यातून एक घोट घेतला. एकच, पण घेतला.

"झालं," तुळशीराम म्हणाला. "तू उद्या जा."

"एका घोटावर?"

"ज्यानं एक घेतला तो दहा घेईन. तू साडी काढ. बारसं काही पुढच्या महिन्यात ढकलता येत नाई."

शनिवारी पहाटे तिने बैलांना पोटभर पाजले, दार उघडे ठेवून, मोकळ्या गळ्याने, आणि पहिल्या बसने जामसावळीला गेली. तुळशीराम बसथांब्यापर्यंत पोचवायला गेला आणि येताना वाटभर सराव करत आला. दिवसभर केला. बांधावर केला, बागेत केला, जेवताना केला. एप्रिलचे कोरडे वारे आणि अठ्ठावन्न वर्षांचे ओठ. संध्याकाळपर्यंत ओठांना भेगा पडल्या. त्याने लोणी लावले आणि पुन्हा केला. रविवारी सकाळी तो उठला तेव्हा दोन्ही ओठ भज्यांसारखे फुगले होते. शीळ तर राहोच. त्याला "बाबा" म्हणता येईना.

दुपारचे बारा वाजले. बैलांनी कालच्या सकाळपासून पाणी घेतले नव्हते. सुभेदार उभा होता, पण सुभेदारासारखा नव्हे. त्याच्या तोंडाशी वाळलेला फेस होता.

"बोलाव तिले," बापूजी म्हणाले. "दोन वाजता बस हाय तिथून."

तुळशीरामने मान हलवली. सुजलेल्या ओठांतून तो जे बोलला ते श्रावणने इतरांना उलगडून सांगितले: "भौ म्हणते, बोलावत नाई. आज उठून आली तं पुन्हा जन्मात कुठं जाणार नाई ती."

"अन् बैल मेले तं?"

वीरेंद्र त्या दिवशी कामासाठी नव्हे, तर आपल्या नळाची काळजी वाटून आला होता. तो टाक्याच्या काठावर बसून नळाकडे पाहत राहिला.

शेवटी श्रावणने मोबाइल काढला. "बोलवाचं नाई. फोनवर वाजवतीन वहिनी. त्यात भरून घ्याचं नाई. माह्या मायची आन." त्याने शिवानीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल गव्हाणीवर उभा केला.

पलीकडून बायकांचा गलका आला, बांगड्या वाजल्या, पाळण्याच्या दोरीचे घुंगरू वाजले. शिवानीने आईला बोलावले. श्रावणने परिस्थिती सांगितली.

"श्रावणभौ," मनकर्णेचा आवाज अगदी हळू आला, "तीस बाया हायेत इथं. इनबाई समोर बसून हायेत."

या विहीणबाई म्हणजे नलिनीबाई. शिवानीची सासू, पांढुर्ण्याच्या शाळेत छत्तीस वर्षे शिकवून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेली बाई. घरात सगळे सरकारी नोकरीतले, आणि नलिनीबाई रिक्षावाल्याशीही पूर्ण वाक्यांत बोलत. लग्नाच्या बैठकीत त्यांनी तुळशीरामच्या बोलण्यातली एक चूक दुरुस्त केली होती, आणि तो अजून त्यावर उत्तर तयार करत होता.

तुळशीराम गव्हाणीपाशी वाकला. सगळे ओठ गोळा करून, एकेक अक्षर उचलून ठेवत तो म्हणाला, "राऊ दे. तू नको वाजवू. आमी पाहू काई तरी."

पलीकडे गलका चालू होता; कोणी पेढे वाटत होते. तुळशीरामने मोबाइल बंद करायला बोट पुढे नेले, तेवढ्यात शीळ आली.

दोन लांब, आणि तिसरी वळलेली. मोबाइलमधून ती जरा चपटी झाली होती, पण तीच होती. सुभेदारची मान खाली गेली. मुनीमने प्रथम मोबाइल हुंगला, नंतर टाके हुंगले, आणि मग त्याचीही गेली. पांढुर्ण्यातला गलका एकाएकी थांबला. बांगड्या थांबल्या, घुंगरू थांबले. शीळ थांबली नाही. बैल पाणी ओढत राहिले, नळ धो धो वाहू लागला, आणि वीरेंद्रने डोळे मिटून घेतले. जवळजवळ सात मिनिटे हे चालले.

शीळ संपली. मग फोनवर एक कोरडा, स्पष्ट, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आला.

"तिकडे पाणी कोण पीत होते?"

"बैल, म्याडम," श्रावण उभा राहून म्हणाला.

"किती?"

"दोन."

"नळ कोणी बसवला?"

"तुळशीरामभौनं. वहिनीले तिकडं येता यावं म्हणून."

"आणि शीळ त्यांना येत नाही."

"दोन दिवस शिकून राहिले होते, म्याडम. ओठ सुजले."

पलीकडे कोणाशी तरी बोलणे झाले. मनकर्णेचा आवाज ऐकू आला, आणि ती हसते आहे असे तुळशीरामला वाटले, पण फोनवर खात्री देता येत नाही.

"लक्षपूर्वक ऐका," नलिनीबाई म्हणाल्या. "मनकर्णाबाई ठरल्याप्रमाणे आठ दिवस इथेच राहतील. फोन सकाळी सहा, दुपारी बारा आणि सायंकाळी पाच वाजता करावा. त्या वेळी इथे सर्वजण शांत बसतील. तुळशीरामजींनी ओठ बरे होईपर्यंत सराव करू नये. बैल पास आहेत. नळ पास आहे. तुळशीरामजी नापास आहेत."